टोपी काढली की गाडी आत

आमच्या संघात टायर कधी बदलायचे हे एक टोपी ठरवायची. तपकिरी कॉर्डरॉयची, पुढच्या बाजूला वंगणाचा जुना डाग असलेली. ती लेआर्को झाक्केरिनींच्या डोक्यावर असेपर्यंत गाडी ट्रॅकवर. त्यांनी ती काढून मांडीवर ठेवली की गाडी आत. संघ सुरू झाला १९७९ साली. तेव्हा रेडिओ नव्हता आणि इंजिनांच्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसे, म्हणून ही खूण ठरली. पुढे रेडिओ आला, मग संगणक आले, मग मी आले. टोपी तशीच राहिली.

मी आले ती फेब्रुवारीत. बोलोन्याला रबराच्या घर्षणावर प्रबंध लिहून नुकतीच मोकळी झाले होते. मुलाखत घेतली नीवेसने, म्हणजे लेआर्कोंच्या मुलीने. तिने एकच प्रश्न विचारला.

"आमच्या गाडीचे टायर बाकीच्यांच्या आधी मरतात. का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "मोजावं लागेल."

तिने मला त्याच दिवशी कामावर घेतलं. नंतर कळलं की माझ्या आधी आलेल्या तिघांना कारण माहीत होतं.

नीवेस बावन्न वर्षांची. पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात वीस वर्षं तिने माल वेळेवर रवाना करायचं काम केलं होतं. डिसेंबरात लेआर्कोंच्या हृदयात दोन स्टेंट बसले आणि डॉक्टरांनी त्यांना संघ चालवायची मनाई केली, तेव्हा ती नोकरी सोडून ब्रिसिघेल्लाला, संघाच्या गावी, परत आली. परवान्यावर संघप्रमुख म्हणून आता तिचं नाव होतं. प्रत्यक्षात वर्कशॉपमध्ये कुणाला काही विचारायचं झालं की तो तिच्या टेबलावरून पुढे जाऊन मागच्या दारापाशी लेआर्को बसायचे तिथे पोचायचा. मी तिला पहिल्या दिवशी "तुम्ही" म्हणाले तर ती म्हणाली, "मला अहो-जाहो करू नकोस. त्याने माझं ऐकणारे वाढत नाहीत."

सगळ्यात जास्त तिचं न ऐकणारा म्हणजे इव्हानो, आमचा मुख्य मेकॅनिक. एकसष्ट वर्षांचा, पाठीचा कणा वाकलेला, बोटं मात्र सर्जनची. एकतीस वर्षं त्याने ती टोपी बघून काम केलं होतं. कानाला रेडिओ लावायला तो तयार नव्हता. "कानात कोणी बोललं की मला हातातलं सुचत नाही," असं तो म्हणे. त्याच्या हाताखालचे तिघेही मग त्याच्याकडे बघत, आणि तो टोपीकडे.

इकडे पदवी मिळाली की माणसाला डॉक्टर म्हणतात. त्यामुळे माझं नाव मिलेना असूनही मी सगळ्यांची डॉक्टरीणबाई झाले. सुईचा थर्मामीटर घेऊन मी टायरजवळ वाकले की इव्हानो गंभीरपणे विचारायचा, "काय डॉक्टरीणबाई, ताप उतरला का? रात्री ढेकर वगैरे दिला का त्याने?"

मार्चमध्ये इमोलाला सराव होता तेव्हा मला टायर मरण्याचं कारण सापडलं. म्हणजे, ते मरत नव्हतेच.

आमच्याकडे दोन प्रकारचे टायर असतात, मऊ आणि कडक. मऊ टायर काही फेऱ्यांनंतर दाणे धरतो. वरचं रबर घासून त्याच्या बारीक वळ्या होतात, खोडरबराखाली होतात तशा, आणि त्या टायरलाच चिकटून बसतात. गाडी मग रस्त्यावर चालत नाही, त्या वळ्यांवर घरंगळते. चालकाला वाटतं टायर संपला. लेआर्कोंच्या काळातल्या रबराने दाणे धरले की तो खरंच संपलेला असायचा, म्हणून ते लगेच गाडी आत घेत. पण हल्लीचं रबर निराळं आहे. चालकाने धीर धरला तर दाणे झडतात, खालचा ताजा थर उघडा होतो आणि पकड परत येते. सरावात मी एलियाला, आमच्या चालकाला, हट्टाने बाहेर ठेवलं. तीन फेऱ्या तो मला शिव्या देत होता. चौथ्या फेरीला त्याच्या शिव्या थांबल्या.

म्हणजे वर्षानुवर्षं आम्ही टायर बरा होण्याच्या बेतात असताना काढून टाकत होतो.

नीवेसला मी आलेख दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. "हे बाबांना सांगू नकोस," ती म्हणाली. मग म्हणाली, "नको, सांग. पण मी नसताना सांग."

मी सांगितलं. लेआर्कोंनी ऐकून घेतलं आणि मला एक पीच सोलून दिलं. डब्यातलं, पाकातलं होतं, सोलायची गरज नव्हती, पण ते सवयीने सोलल्यासारखं करत. "छान आहे हं तुझा आलेख," ते म्हणाले.

हंगामाची पहिली शर्यत एप्रिलच्या सुरुवातीला मिसानोला होती. पाचव्या फेरीत आम्ही बारावे होतो. प्रत्येकाने एकदा टायर बदलायलाच हवेत, पण आठव्या फेरीपासून पुढेच, असा नियम होता. तेवढ्यात ब्रिसिघेल्लाच्या चर्चचे पाद्री, डॉन अत्तीलिओ, लेआर्कोंना भेटायला पिटच्या भिंतीपाशी, म्हणजे ट्रॅकच्या कडेला आम्ही बसतो तिथे, आले. पाद्री समोर उभे राहिल्यावर लेआर्कोंनी अर्थातच टोपी काढली.

पुढच्या दहा सेकंदांत इव्हानो हातात गाडीला आत बोलावणारी पाटी घेऊन भिंतीपाशी होता आणि बाकीचे तिघे चाकं घेऊन गॅरेजबाहेर. नीवेस रेडिओवर ओरडत होती, "एलिया, येऊ नकोस! येऊ नकोस!" एलिया आला. नियमाप्रमाणे तो थांबा धरलाच गेला नाही, नंतर पुन्हा एकदा थांबावं लागलं, आणि आम्ही एकोणिसावे आलो.

"तू माझं का नाही ऐकलंस?" नीवेसने त्याला विचारलं.

"रेडिओवर एक जण ओरडत होतं," एलिया हेल्मेट काढत म्हणाला. "बाहेर चार जण उभे होते. मी चौघांचं ऐकलं."

लेआर्को म्हणाले, "मी मुद्दामच काढली होती. टायरने दाणे धरले होते."

डॉन अत्तीलिओ बिचारे जेवायला थांबलेच नाहीत.

परत येताना मी नीवेसच्या गाडीत होते. फाएन्झाच्या फाट्यापाशी ती रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "इमोलाला असंच झालं तर सोमवारी मी परवाना परत करते. सही माझी आहे. जबाबदार मी, आणि हुकूम टोपीचा, हे चालणार नाही. एखाद्या दिवशी कुणाच्या अंगावर गाडी जाईल."

"मग संघ कोण चालवणार?"

"कोणी नाही. बाबांना डॉक्टर चालवू देणार नाहीत. इव्हानो अर्जावर स्वतःचं नावसुद्धा चुकीचं लिहितो." गिअर बदलत ती म्हणाली, "मी चिडून बोलत नाहीये, मिलेना. चिडले असते तर उद्या पुन्हा कामाला लागले असते."

इमोला तीन आठवड्यांवर होतं. मी एक सोपा उपाय सुचवला. लेआर्कोंना टोपीशिवाय बसवायचं, किंवा टोपी कुठेतरी हरवायची. नीवेसने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांचे स्टेंट काढायला सांगितले होते. "माझ्या जन्माआधीपासून आहे ती त्यांच्या डोक्यावर," ती म्हणाली. "मी हात लावणार नाही."

शर्यतीच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवताना, तिने सगळ्यांसमोर विषय काढला. ट्रकच्या छपराखाली लांब टेबल होतं. इव्हानो तव्यावर पियादीना, इकडची जाडसर पोळी, भाजत होता. हे काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे.

"उद्या सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं," नीवेस म्हणाली. "टायर कधी बदलायचे ते मी सांगणार."

"तुझ्याकडे बघून कळणार काय, पोरी?" इव्हानो पियादीना उलटत म्हणाला. "तू सकाळपासून रात्रीपर्यंत हात हलवतेस. काल चौदा वेळा आम्ही टायर बदलले असते."

सगळे हसले. नीवेसही हसली, पण तिने हात टेबलाखाली घेतले ते मला दिसलं.

"मालकांचं बघ," इव्हानो पुढे म्हणाला. "टोपी आहे, टोपी नाही. संपलं."

"आणि पाद्री आले तर?" एलियाने विचारलं.

"पाद्र्यांना सांगितलंय घरी बसा म्हणून."

लेआर्को टेबलाच्या टोकाला बसून चीज पसरत होते. त्यांनी मान वर केली नाही. "जेवा," ते म्हणाले. "गार होतंय."

रविवारी सकाळी ढग होते. सांतेर्नो नदीवरून गार वारा येत होता. नऊ वाजता मी ट्रॅकचं तापमान मोजलं, सतरा अंश. वहीत लिहिलं. सरावाच्या दिवशी दुपारी ते अठ्ठावीस होतं. तेही वहीत होतंच, दोन पानं मागे. मी ती दोन पानं उलटली नाहीत.

भिंतीपाशी आम्ही तिघं होतो. नीवेस रेडिओ घेऊन, मी पडद्यासमोर, आणि दोन पावलांवर घडीच्या खुर्चीत लेआर्को. मधल्या रस्त्यापलीकडे गॅरेजच्या दारात इव्हानो. तेराव्या जागेवरून सुरुवात करून एलिया सातव्या फेरीपर्यंत अकरावा झाला. पहिल्या दहांना गुण मिळतात. आम्हाला दोन वर्षांत एकही मिळाला नव्हता.

आठव्या फेरीत दाणे धरले. एलिया दर फेरीला एक मिनिट साडेछप्पन सेकंदांच्या आसपास होता, तो सत्तावन्नच्या वर गेला.

"पुढचा उजवा गेला," रेडिओवर तो म्हणाला. "गाडी वळतच नाहीये."

"किती फेऱ्या?" नीवेसने मला विचारलं.

"तीन."

"एलिया, तीन फेऱ्या थांब. परत येईल."

"काय परत येईल? उलटी?"

नवव्या फेरीत अठ्ठावन्न. दोघे पुढे गेले. दहाव्या फेरीत अठ्ठावन्न पूर्णांक चार, आणखी एक गेला. अकरावी फेरी. ही तिसरी आणि खात्रीने शेवटची वाईट फेरी होती. मी पडद्याकडे बघत बसले. आकडा आला, अठ्ठावन्न पूर्णांक चार. काही म्हणजे काही बदललं नव्हतं. आम्ही चौदावे होतो.

नीवेस माझ्याकडे बघत होती. माझ्या आलेखात चौथी वाईट फेरी नव्हतीच.

तेव्हा लेआर्कोंनी टोपी काढली.

कुणी पाद्री आले नव्हते. त्यांनी ती सावकाश काढली, मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले. इव्हानो पाटी घेऊन रस्ता ओलांडून आमच्यापाशी आला. तिघे चाकं घेऊन बाहेर आले. एलिया तेव्हा पिराटेल्ला वळणाच्या चढावर असेल. त्याला आमच्यासमोर यायला एक मिनिट होतं.

"पाटी खाली ठेव, इव्हानो," नीवेस म्हणाली.

"मालकांनी टोपी काढली."

"मी सांगतेय ना, खाली ठेव."

"नीवेस," लेआर्को म्हणाले. आवाज शांत होता. "गाडी आत घे. मला ऐकू येतंय तो पाय कुठे उचलतोय ते. टायर मेलाय."

"नाही मेला, बाबा."

"तीन म्हणाली होती डॉक्टरीणबाई. तीन झाल्या."

हे बरोबर होतं. नीवेस माझ्याकडे वळली. ओरडली नाही. नेहमी हवेत असणारे तिचे हात बाजूला सरळ लोंबत होते. "मिलेना, खरं सांग. तीन झाल्या. आता काय?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. मग डोक्यात जे होतं ते तसंच बोलले. "पण दाणे तसेच राहून वाढले असते तर वेळ आणखी बिघडला असता. दहाव्या आणि अकराव्या फेरीत तो एकच आहे. बिघडायचं थांबलंय."

इव्हानो एकदा बापाकडे, एकदा लेकीकडे बघत होता. हातातली पाटी अर्धी वर, अर्धी खाली. "अरे, कुणाचं ऐकू मी?" तो म्हणाला, आणि खरोखर रडवेला झाला होता. "एकाने सांगा काहीतरी!"

नीवेस दोन पावलं चालून लेआर्कोंच्या खुर्चीपाशी गेली. खाली वाकली. त्यांच्या हातांखालून टोपी काढून घेतली आणि ती त्यांच्या टक्कल पडलेल्या डोक्यावर नीट बसवली. पुढची बाजू थोडी खाली ओढली, लहान मुलाला शाळेत पाठवताना ओढतात तशी.

"वारा आहे, बाबा," ती म्हणाली. "डोकं झाका."

लेआर्कोंचा उजवा हात वर गेला. टोपीच्या कडेला लागला. तिथेच राहिला. मला वाटलं, आता पुन्हा काढणार. ते तिच्याकडे बघत होते, ती सरळ उभी राहून ट्रॅककडे. मग हात खाली आला.

इव्हानोने टोपी बघितली. टोपी डोक्यावर होती. त्याने पाटी काखेत मारली आणि रस्ता ओलांडून परत गेला. चाकं आत गेली. एलिया आमच्यासमोरून सुसाट निघून गेला.

अठ्ठावन्न पूर्णांक एक. तीन दशांशांनी बरं. मी कुणाला काही सांगितलं नाही. तेराव्या फेरीत साडेसत्तावन्न. चौदाव्या फेरीत सत्तावन्नच्या आत. रेडिओवर बराच वेळ नुसता खरखराट होता, आणि मग एलियाचा आवाज, "वळतेय. ए, वळतेय की!"

पुढच्या चार फेऱ्या तो आमच्या वर्गातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांइतका वेगात होता. आधी थांबलेले त्यांचे कडक टायर तापवत बसले होते. अठराव्या फेरीला नीवेसने रस्त्यापलीकडे बघून दोन बोटं खाली दाखवली. "पुढच्या फेरीला आत." इव्हानोने सवयीने लेआर्कोंकडे बघितलं. ते गुडघ्यांवर हात ठेवून समोर ट्रॅककडे बघत होते, टोपीला त्यांनी हातही लावला नाही. इव्हानोने पुन्हा नीवेसकडे बघितलं. तिने पुन्हा दोन बोटं दाखवली. तो धावला.

डाव्या मागच्या चाकाचा नट अडकला. चार सेकंद गेले. ते गेले नसते तर आम्ही दहावे आलो असतो. अकरावे आलो.

संध्याकाळी ट्रकमध्ये मी काढलेल्या टायरवर वाकून मोजमाप घेत होते. लेआर्को जिना चढून आत आले. त्यांना जिने चढायची परवानगी नव्हती. त्यांनी उजव्या पुढच्या टायरवर अंगठा फिरवला. आधी सरळ, मग उलटा. डोळे मिटून.

"गुळगुळीत झालाय," ते म्हणाले.

"दाणे झडले."

"कितव्या फेरीला?"

"पाच फेऱ्या लागल्या."

"तू तीन म्हणाली होतीस."

"हो. दोनने चुकले."

त्यांनी अंगठा पुन्हा एकदा फिरवला. "आणि मी आत घेतली असती तर?"

मी ते मघाशीच मोजून ठेवलं होतं. "सोळावे. फार तर पंधरावे."

"हं," ते म्हणाले. अंगठा टायरवरून उचलला नाही. मला वाटतं, ते आठवत होते. पन्नासेक वर्षांतले कितीतरी टायर, जे त्यांनी काढायला लावले होते.

इव्हानो जिन्याशी आला. पुढच्या शर्यतीसाठी टायर मागवण्याची यादी त्याच्या हातात होती. तिच्यावर रविवारीच सही लागते. त्याने ती नेहमीप्रमाणे लेआर्कोंपुढे धरली. "मालक, मुजेल्लोसाठी मऊचे चार संच लिहिलेत. बघून घ्या."

लेआर्कोंनी यादी हातात घेतली नाही.

"चष्मा नाही आणलाय," ते म्हणाले. "तिला दाखव."

चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. काचा बाहेर आल्या होत्या. इव्हानोने त्या बघितल्या, मी बघितल्या. इव्हानो यादी घेऊन खाली गेला, आणि आम्हाला खालून त्याचा आवाज ऐकू आला, "नीवेस, हे जरा बघतेस का?"

"चार?" तिचा आवाज आला. "सहा लिही."

"सहा कशाला? सहा संच काय घरी घेऊन झोपायचंय?"

"सहा, इव्हानो."

पेनचा टकटक आवाज, त्याचं पेन नेहमी अडायचं. "सहा," तो पुटपुटला. "सही इथे कर."

मी खाली आले तेव्हा नीवेस टेबलाशी एकटीच बसली होती. समोर उरलेली पियादीना गार झालेली होती आणि तिने ती तशीच खायला घेतली होती. सोमवारबद्दल विचारायचं माझ्या मनात होतं, पण विचारवत नव्हतं. तिनेच समोरच्या बाकाकडे बोट केलं.

"बस. तीन म्हणालीस आणि पाच का लागल्या?"

मी वही उघडली, दोन पानं मागे गेले. "सरावाला ट्रॅक अठ्ठावीस अंश होता. आज सतरा. गार रबर ताठ असतं, त्यामुळे दाणे मोठे धरतात आणि झडायला वेळ लागतो. हे मला सकाळीच कळायला हवं होतं. दोन्ही आकडे माझ्याच वहीत होते."

"मुजेल्लोला किती असेल?"

"मे महिना आहे. दुपारी चाळीसच्या वर जाईल. मग दाण्यांचा प्रश्नच नाही, रबराला फोड येतील. ते वेगळं असतं, ते परत येत नाही."

"म्हणजे तिथे लवकर आत घ्यायचं?"

"बहुतेक. मोजायला हवं."

"मग मोज," नीवेस म्हणाली, "आणि बाबांनाही आधीच सांग. ह्या वेळी मी समोर असताना." तिने पियादीनाचा अर्धा भाग तोडून माझ्यापुढे सरकवला.